‘आता’ म्हणायचं काम

३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद. थोरल्या बहिणीने पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून लिहिलं. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे तुझ्या लिफ्ट कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. ऑफिसात आलेलं पत्र माणूस निदान चारचौघांत फाडत तरी नाही.

काम आहे. बावीस तारखेला खग्रास सूर्यग्रहण आहे. आपल्या गावातून अर्धवटच दिसेल, पण बसने तीन तासांवर जे धरण आहे तिथे सूर्य पुरता झाकला जाणार. दोन मिनिटं अकरा सेकंद. अण्णांनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढलाय. निम्मा गोल तेवीस तारखेवर गेलाय. असं का, ते तुला सांगायला नको.

अण्णांना काचबिंदू आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्यात मधला तेवढा भाग शिल्लक आहे, नळीतून पाहावं तसा. अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ अजून घडाघडा वाचतात आणि खुर्चीतून उठले की दाराच्या चौकटीवर आपटतात. आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाईक बाजूला उभं असलं तर कळत नाही, समोर आलं तर शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. उरलेलं किती टिकेल विचारलं तर म्हणाले, महिन्यांत मोजा.

तुला ते अर्धवट ग्रहण आठवतंय ना? तू नऊ वर्षांचा होतास, मी तेरा. दुकानासमोर अर्धी गल्ली जमली होती आणि अण्णांनी सगळ्यांना काळे चष्मे वाटले होते. तू एक क्षण, फक्त एक क्षण चष्मा वर केलास आणि अण्णांनी भर गल्लीत तुझ्या कानाखाली वाजवली. बापाने आयुष्यात तुला मारलं ते तेवढंच. संध्याकाळी त्यांनाच जेवण जाईना. मग तुला जवळ बसवून समजावलं, की सूर्याची कड जरी उघडी असली तरी चष्मा काढायचा नाही, डोळा आतून भाजतो आणि भाजताना दुखतही नाही. मात्र खग्रास ग्रहणात, चंद्राने सूर्य पुरता झाकला की तेवढी दोन-तीन मिनिटं चष्मा काढायचाच. नाही काढला तर त्या काळ्या काचेतून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून एकाने नीट पाहून ‘आता’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी तोवर हात वर न्यायचा नाही. ‘पुढचं खग्रास येईल तेव्हा “आता” म्हणायचं काम तुझं,’ असं ते तुला म्हणाले होते. गाल लाल होता तुझा, पण छाती फुगली होती.

त्याला पंचवीस वर्षं झाली. आता ते खग्रास आलंय आणि अण्णांना स्वतःला ती वेळ ओळखता येणार नाही. काळ्या काचेतून सूर्य त्यांना दिसतो, पण त्या नळीतून सारखा निसटतो. दिसेनासा झाला की तो झाकला गेला की नुसता निसटला, ते त्यांना कळत नाही. कोणीतरी सांगायलाच हवं.

त्यांनी तीन चष्मे बनवलेत. काळी फिल्म बसवून, बाजूंना चामड्याच्या पट्ट्या लावून. एक त्यांचा, एक माझा. तिसरा कोणाचा ते सांगत नाहीत, पण बसवताना ‘चौसष्ट’ असं पुटपुटले. तुझ्या दोन डोळ्यांमधलं अंतर त्यांना अजून पाठ आहे.

ये. एक दिवसाची रजा टाक. लिफ्ट एक दिवस बंद राहिली तर कोणी मरत नाही, जिने आहेत.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

तेरा दिवस झाले. पत्र मिळालंच नसेल, असं स्वतःला सांगून पाहिलं, पटलं नाही.

ठीक आहे. मीच म्हणेन ‘आता’. त्याची तालीम चालली आहे आमची. अण्णा तपासणीच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसतात. समोर मी दिवा लावते, तो सूर्य. दुधाच्या पातेल्याचं झाकण हा चंद्र. झाकण सरकवत सरकवत दिव्यावर आणायचं, दिवा पुरता झाकला की ‘आता’ म्हणायचं, मग ते चष्मा काढणार आणि मी घड्याळ बघणार. दोन मिनिटं झाली की ‘लावा’. परवा मी ‘आता’ जरा आधी म्हटलं, झाकणाच्या कडेने दिवा दिसत होता म्हणे. अर्धा तास ऐकवलं मला. ‘हे झाकण आहे म्हणून निभावलं. तिथे एक सेकंद आधी म्हणालीस तर माझा उरलेला डोळा गेला.’ मी चाळिशीला टेकलेली बाई, सबंध दुकान चालवते, आणि पातेल्याचं झाकण धरता येत नाही म्हणून बोलणी खाते.

काल तर गंमतच झाली. ऐन वेळी मला शिंक आली आणि ‘आता’ म्हणायचं राहिलं. शिंकून, नाक पुसून बघते तर अण्णा तसेच बसलेले. चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर. म्हटलं, अहो, काढायचा ना! तर म्हणाले, ‘तू म्हणालीस कुठे?’ खूप हसलो आम्ही.

तू असतास तर तूही हसला असतास. घरात सहा वर्षांत असं हसणं झालं नव्हतं. आणि हसताना ते मध्येच थांबले आणि दाराकडे मान वळवून बसले. दाराची घंटा वाजली नव्हती, कोणी आलंही नव्हतं.

तुझा राग मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी तो बस-ड्रायव्हर डोकं धरून दुकानात आला, म्हणाला नव्या चष्म्याने आगाराच्या फाटकाला बस घासली. आणि काचा उजवीची डावीला, डावीची उजवीला बसलेल्या निघाल्या. तू त्याच्यासमोर अण्णांना म्हणालास, ‘तुमची नजर चालली आहे, आता लोकांचे डोळे तपासू नका.’ अण्णा तुझ्याकडे असे बघत राहिले, जणू तू कोणी परका आहेस. मग मी म्हटलं, काचा मी उलट्या बसवल्या, चूक माझी. तू त्याच संध्याकाळी बॅग भरलीस. मी सांगितलं ते सांगितलं. ते पुन्हा उकरायला हे पत्र नाही.

बस सकाळी सहाची आहे. तिकिटं तीन काढली आहेत. वेड्यासारखं आहे, माहीत आहे मला.

ताई


२३ मार्च

धाकट्या,

पाहिलं! धाकट्या, पाहिलं रे. काय सांगू तुला.

धरणाच्या भिंतीवर ही गर्दी. अण्णांना कठड्याशी उभं केलं, म्हणजे हाताला आधार. शेजारी एक प्लंबर होता, बायकोला, सासूला, घडीच्या खुर्च्यांना सगळ्यांना घेऊन आलेला. मिनिटाला एक बातमी देत होता, जणू चंद्र तोच ढकलतोय. सूर्य बिस्किटासारखा एका बाजूने खाल्ला जायला लागला. झाडाखाली पानांच्या फटींतून जमिनीवर शेकडो कोरी पडल्या होत्या, नखांएवढ्या. उन्हाचा रंगच बदलला. ऊन होतं, पण त्यात जीव नव्हता. माझ्या हाताची सावली इतकी रेखीव पडली की मनगटावरची लव दिसत होती.

मध्ये एकदा ढग आला आणि प्लंबर ओरडला, ‘गेला! गेला!’ सगळे ओरडायला लागले. अण्णांचा हात चष्म्याकडे गेला. मी तो धरून खाली ओढला आणि खेकसले त्यांच्यावर, ‘अण्णा, अजून नाही! मी सांगेन ना! मी म्हणेपर्यंत हात लावायचा नाही!’ लोकांनी वळून बघितलं. अण्णा म्हणाले, ‘बरं बाई.’ ढग सरकला. सूर्य अजून होता, नखभर.

आणि मग ते झालं. पश्चिमेकडून काळोख पाण्यावरून धावत आला, डोळ्यांदेखत. सूर्याची शेवटची कड एका टोकाला जमा झाली, लखलखली आणि विझली. मी चष्मा काढला. आकाशात एक काळं भोक होतं आणि त्याच्याभोवती पांढरे केस पसरावेत तसं काहीतरी. फोटोत दिसतं तसं नाही, अजिबात नाही. भोकाच्या खालच्या काठाला एक गुलाबी ठिपका होता. बाजूला शुक्र, भर दुपारी. चहूकडे क्षितिजावर एकदमच संध्याकाळ. पक्षी गप्प झाले. प्लंबरची सासू मोठ्याने रडायला लागली आणि मलाही रडू फुटलं. का ते माझं मलाच कळेना. इतकं मोठं काहीतरी चाललेलं आणि आपल्याला त्यात काही करता येत नाही, थांब म्हणता येत नाही. मी अण्णांचा हात धरला. त्यांनी माझा हात दाबला, दोनदा. मीही दाबला, घट्ट.

मग दुसऱ्या बाजूने लख्ख झालं आणि संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांनी पाहिलं. सुंदर होतं म्हणाले. बसमध्ये झोप लागली त्यांना, दमले होते. आज दुकानात गिऱ्हाइकांना सांगत होते, गुलाबी ठिपका, शुक्र, सगळं.

तुझं तिकीट मी ठेवून दिलं आहे. कशाला ते विचारू नकोस.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी पहिलं अक्षर, आणि तेही एक ओळ. ‘अण्णांना “आता” कोणी म्हटलं?’ खाली सही नाही, वर मायना नाही. चार दिवस ते कार्ड काउंटरच्या खणात आहे. मी खण उघडते आणि बंद करते.

पहिल्या दिवशी तुझा राग आला. म्हटलं, हा कोण जाब विचारणारा, स्वतः आला नाही तो. दुसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं, ‘मीच म्हटलं, दुसरं कोण म्हणणार?’ आणि पाकीट चिकटवलं. पोस्टात टाकलं नाही.

कोणीही म्हटलं नाही.

मी विसरले, धाकट्या. इतके दिवस पातेल्याचं झाकण धरून तालीम केली आणि ऐन वेळी विसरले. तोंड उघडंच राहिलं माझं, त्यातून शब्द निघाला नाही. मला अण्णा आठवलेच नाहीत. ते माझ्या कोपराला कोपर लावून उभे होते, त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि मला ते आठवले नाहीत. दोन मिनिटं अकरा सेकंद मी वर बघत होते.

उजेड आला, लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मी त्यांच्याकडे वळले. चष्मा तसाच होता डोळ्यांवर. मान वर, चेहरा बरोबर सूर्याच्या दिशेने. तालमीत शिंक आली तेव्हा बसले होते ना, अगदी तसे. तेव्हा हसलो होतो आम्ही.

हात त्यांनी दाबला होता तो विचारण्यासाठी. आता का? काढू का? मला वाटलं त्यांनाही भरून आलंय. म्हणून मी उलट दाबला. त्याआधी दहाच मिनिटं त्यांच्यावर खेकसून मीच त्यांचा हात खाली ओढला होता. मी घट्ट धरलाय म्हणजे अजून नाही, थांबा, याशिवाय दुसरं काय समजणार ते?

मी काही बोलायच्या आत त्यांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘सुंदर होतं.’ मी म्हटलं, ‘हो ना.’ एवढंच. बसमध्ये ते झोपले नव्हते, डोळे मिटून होते. मी बडबडत राहिले, गुलाबी ठिपका खालच्या काठाला होता, शुक्र डावीकडे होता. कशासाठी बडबडत होते ते माहीत होतं मला. त्यांनाही माहीत असावं. त्यांनी एकदाच विचारलं, ‘खालच्या काठाला, ना?’ आणि दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना तेच सांगायला लागले, माझ्याच शब्दांत. प्रत्येक वेळी मी चाक सुरू करून काच घासायला घेते, म्हणजे ऐकू येत नाही.

पुढचं खग्रास आपल्या बाजूला एकोणीस वर्षांनी आहे. मी पाहून ठेवलं.

आता लिहायलाच बसले आहे तर तेही लिहिते. ड्रायव्हरच्या काचा मी उलट्या बसवल्या नव्हत्या. अण्णांनी बसवल्या होत्या. डावीकडचा काचांचा ट्रे त्यांना दिसतच नव्हता. त्याआधी वर्षभर मी त्यांचं काम मागून तपासत होते, चुकलेलं गुपचूप दुरुस्त करत होते. तो एक चष्मा मी तापाने झोपले होते त्या दिवशी निसटला. तू खरं बोललास आणि मी तुला खोटं पाडलं. मला वाटलं मी अण्णांना सांभाळतेय. तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर थेंब घालून बरंच वाचलं असतं, हे आता डॉक्टरच म्हणाले. शेवटी नेलं तोवर आणखी पाच वर्षं मी झाकत बसले आणि आत डोळा जात राहिला.

मी काय करू ते मला कळत नाही. माफी मागायची तर कोणाची आधी मागू?

ताई


२४ एप्रिल

धाकट्या,

तू उत्तर दिलं नाहीस, आणि बरं केलंस. माझं मलाच करायला हवं होतं.

रविवारी दुकान बंद होतं. अण्णा काउंटरशी बसून कोणाच्या तरी चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळत होते, बोटांनी चाचपत. मी समोर जाऊन बसले. अगदी समोर, म्हणजे त्यांना दिसेन.

‘अण्णा, मला एक सांगायचंय. धरणावर तुम्हाला ग्रहण दिसलं नाही.’

‘माहीत आहे,’ म्हणाले. ‘मी तिथेच होतो.’

मला हसावं की रडावं कळेना. ‘मी “आता” म्हणायला विसरले.’

‘तेही माहीत आहे.’

‘मग तुम्ही काढला का नाहीत? सगळे ओरडत होते. गार वारा सुटला होता. तुम्हाला कळलं नसेल असं कसं होईल?’

स्क्रू खाली पडला. मी शोधून हातात दिला. बराच वेळ ते तो बोटांत फिरवत राहिले.

‘कळलं होतं,’ म्हणाले. ‘हात वर नेला होता मी. कानापर्यंत. चष्म्यातून काळंकुट्ट दिसत होतं. म्हटलं, हा काळोख सूर्याचा, का माझा? चष्मा काढला आणि तरीही काळंच दिसलं तर? मग तुझा हात दाबला, तू सांगशील म्हणून. तू घट्ट धरलास. तुझा हात इतका कापत होता की म्हटलं, राहू दे. चष्मा डोळ्यांवर आहे तोवर दोष चष्म्याचा आहे.’

धाकट्या, मला वाटत होतं ते माझ्यामुळे थांबले. ते घाबरून थांबले होते. लहानपणी आपल्याला वाटायचं अण्णा कशालाच घाबरत नाहीत. आणि मी शेजारी असून त्यांना एकट्यानेच घाबरावं लागलं.

मग मी ड्रायव्हरचं काढलं. म्हटलं, त्या काचा मी उलट्या बसवल्या नव्हत्या.

‘तू उलट्या बसवशील कशी?’ म्हणाले. ‘शाळेत होतीस तेव्हापासून मी शिकवलंय तुला.’

‘म्हणजे तुम्हाला तेव्हाच—’

‘तेव्हाच.’

‘मग त्याला जाऊ का दिलंत? अण्णा, तो आपला धाकटा होता!’ मी ओरडले. सहा वर्षांत त्यांच्यावर ओरडले नव्हते अशी.

‘तू म्हणालीस, माझी चूक. मला ते बरं पडलं,’ म्हणाले. ‘तो खरं बोलला म्हणून त्याचं तोंड बघवेना मला. आता बघायचं म्हटलं तर—’ स्क्रू पुन्हा पडला. या वेळी तो मलाही सापडला नाही.

काल डॉक्टरांकडे तपासणी झाली. मशीनमध्ये ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. बाहेर बसून मी त्या बटणाचा आवाज मोजत होते. मागच्या वेळी टकटक बरी चालली होती. काल खूप वेळ काही आवाजच नाही, मग एक, मग पुन्हा काही नाही. डॉक्टर म्हणाले, मध्ये एवढंसं उरलंय, हात लांब करून धरलेल्या बशीएवढं. कधी जाईल सांगता येत नाही, थेंब चालू ठेवा. मी म्हटलं आणखी काही करता येईल का? ते कागदावर लिहीत राहिले.

बशीएवढं म्हणजे एक चेहरा त्यात मावतो, धाकट्या. मी मोजून पाहिलं. तक्त्याच्या दिव्याखाली, हाताच्या अंतरावर, बरोबर समोर उभं राहिलं तर कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा मावतो. बाजूला नको, बाजूचं दिसत नाही.

अण्णांनी ‘त्याला बोलाव’ असं म्हटलेलं नाही. त्यांना तोंड नाही म्हणतात. मी म्हणते आहे. माझ्यावर राग धर, जन्मभर धर, मी काही म्हणणार नाही. पण ये. या वेळी उशीर करू नकोस.

ताई


११ मे

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. ‘एकोणीसला सकाळच्या गाडीने येतो.’ मी ते अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, डोळ्यांसमोर धरून हलवत हलवत तुझं अक्षर शोधलं आणि एक एक शब्द स्वतः वाचला. ती सहा तारीख होती. मग तिसरा चष्मा कपाटातून काढायला लावला आणि पुसत बसले, जणू तू ग्रहणालाच येतो आहेस.

आठ तारखेला सकाळी दुकान उघडलं. मी दिवे लावले, काचा पुसायला घेतल्या. अण्णा येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘दिवे लाव ना.’

मी म्हटलं, ‘लावलेत, अण्णा.’

‘बरं,’ म्हणाले.

मग म्हणाले, तक्ता समोर आहे ना, वाचतो. आणि शेवटची ओळ म्हटली, घडाघडा, एकही अक्षर न चुकता. मी तक्त्यासमोर उभी होते. पाठीने सबंध तक्ता झाकून उभी होते.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी नेलं. टॉर्च डोळ्याजवळ धरून त्यांनी विचारलं, उजेड कळतोय का? अण्णा म्हणाले, ‘कुठला?’

अकरा दिवस कमी पडले, धाकट्या. तू कार्ड टाकलंस त्याच दिवशी निघाला असतास तर, असं मनात येतं आणि मी ते मारून टाकते. माझी पाच वर्षं आहेत त्यात, तुझे अकरा दिवस काय घेऊन बसलीय मी.

अण्णा म्हणतात, तुला कळवू नको. त्यांनी योजना आखली आहे. तू आलास की मी तुझ्याजवळ उभं राहून खाकरायचं, म्हणजे तू कुठे उभा आहेस ते त्यांना कळेल. मग ते आवाजाच्या रोखाने बघतील आणि म्हणतील, ‘वाळलास रे.’ तुला संशय येणार नाही म्हणे. कालपासून त्याची तालीम चालली आहे. मी दुकानात इकडून तिकडे जाते, खाकरते आणि ते माझ्याकडे तोंड करतात. बरोबर करतात. कोणालाही खरं वाटेल. मीच शिकवलं त्यांना झाकायला, इतकी वर्षं झाकून झाकून.

मी खाकरणार नाही. म्हणून हे त्यांच्या नकळत लिहिते आहे, तू निघायच्या आत पोचो एवढंच. ते तुला बघू शकणार नाहीत. तुझा चेहरा त्यांच्या डोळ्यांत आहे तो अठ्ठावीस वर्षांचा, बॅग भरून दारात उभा. दुसरा आता मिळणार नाही. हे वाचून यायचं नसेल तर येऊ नकोस. पण मला वाटतं, यावंस.

रात्री दार नीट लागलं का, चुलीवरचं उतू जातंय का, असल्या बारीकसारीक गोष्टी ते हल्ली आवाजावरून ओळखतात. मी त्यांना विचारलं, ग्रहणाचं तुम्हाला नक्की काय कळलं होतं? म्हणाले, ‘गार वारा आला. पक्षी गप्प झाले. आणि तुझा हात. त्यावरून कळलं केवढं असेल ते.’ तेव्हा तू आलास की आधी हात दे.

मी स्टेशनवर येणार नाही, त्यांना एकटं सोडता येत नाही. दुकान तुला सापडेल, काही बदललेलं नाही. दाराची घंटाही तीच आहे. ती वाजली की अण्णा मान वर करतात आणि थांबतात. कोण आलं ते विचारत नाहीत, विचारायची लाज वाटते त्यांना. मी काउंटरमागे असेन, पण मी बोलणार नाही. ते काम तुझं आहे. दारातूनच सांग, मी आलोय म्हणून. लगेच सांग. नाहीतर ते तसेच थांबून राहतील.

ताई